मॅडम, कबूल केलं की सुटतो ना?



आपल्या सगळ्यांच्या शाळेत रोज परिपाठाला संविधानाची उद्देशिका म्हटली जाते. माझ्या चौथीच्या वर्गाला ती तोंडपाठ आहे. मलाही आहे. पण डिसेंबर २०२४ मधल्या एका संध्याकाळी मला कळलं, की उद्देशिका पाठ असणारी मी, संविधानातलं एकही कलम गरजेच्या वेळी वापरू शकत नव्हते.

आजचा लेख त्या संध्याकाळचा आहे. शेवटी वर्गात घेता येईल असा एक उपक्रमही दिला आहे. पण त्याआधी माझी स्वतःची एक चूक सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

लेखात मुलाचं नाव नाही, शाळेचं नाही, पोलीस ठाण्याचंही नाही. एक तर मला कुणावर बोट दाखवायचं नाही. आणि दुसरं म्हणजे अशा प्रकरणातल्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्यानेच बंदी आहे. हे मलाही आधी माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी

नाशिककरांना द्वारका सांगायला नको. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याकडे जाणारा रस्ता जिथे भेटतात तो हा चौक. वरून उड्डाणपूल, खाली रिक्षा, बस, ट्रक, हातगाड्या. संध्याकाळी रस्ता ओलांडायचा म्हणजे पाच मिनिटं नुसतं उभं राहावं लागतं. माझ्या वर्गातली बरीच मुलं याच परिसरातली. कुणाचे वडील रिक्षा चालवतात, कुणाची आई पोळ्या लाटायला जाते.

सहा वाजून गेले होते. थंडीमुळे लवकर अंधार पडला होता. दारात माझ्या एका माजी विद्यार्थ्याची आई उभी. चप्पल एका पायात, दुसरी हातात. तुटली असावी. म्हणाली, "मॅडम, पोराला पोलीस घेऊन गेले. तुम्ही चला ना. तुमचं ऐकतील."

चौकाजवळच्या एका दुकानातून मोबाईल गेला होता. दुकानदाराने सांगितलं, दुपारी हा मुलगा इथे घुटमळत होता. पोलीस आले आणि "चौकशी करून सोडतो" म्हणून घेऊन गेले. त्याला आता तीन तास झाले होते. मुलाचं वय चौदा.

खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार काय आला? "आपण कशाला या भानगडीत पडायचं." दुसरा विचार, "शाळेचं नाव येईल." आणि तिसरा तर सगळ्यात वाईट, "घेतला असेल त्यानेच." पण बाई दारात उभी होती. तिला नाही कसं म्हणणार?

माझा एक मावसभाऊ वकिली करतो. त्याला फोन लावला. तो कोर्टाच्या कामासाठी बाहेरगावी होता. म्हणाला, "ताई, मी पोहोचू शकत नाही. पण तू जा. भांडू नकोस, आवाज चढवू नकोस, कायदा शिकवायला जाऊ नकोस. फक्त तीन गोष्टी शांतपणे बोल. एक, मुलगा चौदा वर्षांचा आहे आणि हा त्याचा शाळेतला पुरावा. दोन, इथले बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत, त्यांना भेटायचंय. तीन, आईला त्याच्याजवळ बसू द्या. आणि कशावरही सही नको."

बाल कल्याण पोलीस अधिकारी! हा शब्दच मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. आणि मी तर मुलांसाठी काम करणारी बाई!

मुख्याध्यापकांना फोन केला. त्यांनी कुरकुर न करता शाळा उघडून दिली. जनरल रजिस्टरमधून जन्मतारखेचा उतारा लिहिला, शिक्का मारला आणि आम्ही दोघी निघालो.

ठाण्यात काय झालं

ठाण्याच्या पायरीवर माझेच पाय थरथरत होते. ठाणे अंमलदार फोनवर बोलत होते. टेबलावर कागदांचा ढीग, समोर अपघाताची तक्रार घेऊन आलेले दोघंजण, बाजूला रडणारं लहान बाळ घेतलेली एक बाई. त्या माणसाचा चेहरा बघून मला परीक्षेच्या काळातला आपला स्टाफरूम आठवला. हा माणूस दमलेला होता.

"काय काम आहे?"

मी पाठ केलेली तीन वाक्यं एका दमात म्हणून टाकली. ते माझ्याकडे बघत राहिले. "मॅडम, तुम्ही वकील का?"

"नाही साहेब, मी त्याची शिक्षिका. चौथीला माझ्या वर्गात होता."

"अहो, मारलं-बिरलं काही नाही त्याला. नुसतं विचारतोय."

"हो साहेब. फक्त त्याची आई जवळ बसू द्या. आणि बाल कल्याण पोलीस अधिकारी असतील तर त्यांना भेटायचं होतं."

थोडी चिडचिड झाली. "बसा तिकडे" झालं. वीस-पंचवीस मिनिटं गेली. मग एक साध्या कपड्यातले अधिकारी आले, जन्मतारखेचा कागद वाचला आणि मुलाला आतून बाहेर आणवलं. आईला त्याच्या शेजारच्या बाकावर बसवलं. मुलाने आईकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं आणि लगेच मान खाली घातली.

अधिकाऱ्यांनी सांगितलं, "मॅडम, मुलगा तर म्हणतोय मीच घेतला. पण मोबाईल कुठे ठेवला विचारलं की काहीच सांगत नाही."

मग त्यांनीच, आईच्या समोर, हळू आवाजात पुन्हा विचारलं, "बाळा, खरं सांग. घेतला होतास?"

मुलगा म्हणाला, "नाही."

"मग मघाशी हो का म्हणालास?"

तो काही बोलला नाही. बराच वेळ. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, कबूल केलं की सुटतो ना? तुम्हीच म्हणायच्या."

माझी चूक

आता ती चूक सांगते.

हा मुलगा चौथीत असताना वर्गात सहलीचे पैसे गोळा करत होते. दोनशे रुपये कमी भरले. मी वर्गाचं दार लावलं. सगळ्यांची दप्तरं तपासली. काही सापडलं नाही. मग म्हणाले, "ज्याने घेतले त्याने कबूल करा. खरं सांगितलं तर काही करणार नाही, सोडून देईन. नाहीतर पोलिसांना बोलावते." मधली सुट्टी होईपर्यंत कुणालाही हलू दिलं नाही.

सगळा वर्ग याच मुलाकडे बघायला लागला. का, तर त्याचा गणवेश जुना, वडील भंगारच्या दुकानात कामाला. मीही त्याच्याकडेच बघत होते, हे आज कबूल करते. शेवटी तो उभा राहिला आणि म्हणाला, "मी घेतले." वर्ग सुटला. दुसऱ्या दिवशी आईने दोनशे रुपये आणून दिले.

आठ-दहा दिवसांनी हजेरीपत्रकाच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला मला दोनशे रुपये सापडले. मीच ठेवले होते.

आईला बोलावून पैसे परत केले. "चूक झाली" असंही म्हणाले. पण वर्गाला मात्र सांगितलं नाही. शिक्षकाची इज्जत जाईल असं वाटलं. तो मुलगा उरलेलं वर्ष त्या वर्गात चोर म्हणून बसला. मी विसरून गेले. तो विसरला नव्हता. त्याने त्यातून एक धडा शिकून घेतला होता, आणि तो धडा मी शिकवलेला होता: मोठी माणसं घेरून उभी राहिली की हो म्हणायचं, म्हणजे सुटका होते.

डी.एड.ला आम्हाला बालमानसशास्त्राचा पेपर होता. त्यात भीती, दंड, अनुकरण सगळं होतं. चांगले मार्कही पडले होते. असो.

त्या रात्री नऊच्या सुमारास मुलगा आईबरोबर घरी आला. "पुन्हा बोलवायचं झालं तर आधी आईला कळवू" असं अधिकारी म्हणाले आणि तसं त्यांनी डायरीत नोंदवलंही. मोबाईल कुणी घेतला ते मला आजही माहीत नाही. पण एक लक्षात घ्या, मित्रांनो. मुलाने मोबाईल घेतलेला असता तरीही ही तीन वाक्यं तितकीच बरोबर ठरली असती. हक्क हे निर्दोष माणसाला मिळणारं बक्षीस नाही. ज्याच्यावर संशय आहे त्याच्यासाठीच ते लिहिलेले आहेत.

भीतीचा होकार

दुसऱ्या दिवशी भावाला सगळं सांगितलं. मुलाचं ते वाक्य ऐकून तो गप्प झाला. मग म्हणाला, "ताई, या एका गोष्टीवरून आपल्या महाराष्ट्रातल्या प्रकरणामुळे देशाचा कायदा बदललाय." त्याने जे सांगितलं ते नंतर मी स्वतः वाचलं.

गोष्ट मार्च १९७२ ची. देसाईगंज, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, आता गडचिरोली. एका आदिवासी मुलीला जबाब नोंदवण्यासाठी रात्री नऊच्या सुमारास पोलीस ठाण्यात आणलं. डॉक्टरांच्या अंदाजाप्रमाणे वय चौदा ते सोळाच्या मध्ये. तक्रार तिच्या भावानेच दिलेली, म्हणजे ती काही आरोपी नव्हती. साडेदहाच्या सुमारास बाकीच्यांना जायला सांगितलं आणि तिला थांबवून घेतलं. नातेवाईक बाहेर उभे. आत तिच्यावर अत्याचार झाला. पुढे उच्च न्यायालयाने दोन पोलिसांना दोषी ठरवलं. पण सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. कारणाचा गाभा काय? तिने आरडाओरडा केला नाही, अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमती असावी.

यावर १९७९ मध्ये चार जणांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. चौघेही कायदा शिकवणारे, म्हणजे आपल्यासारखे शिक्षकच. त्यांचा प्रश्न साधा होता: पोलीस ठाण्यात, रात्री, घाबरलेली गरीब मुलगी गप्प राहिली तर तिने मान्य केलं असं कसं म्हणता? दबून जाणं म्हणजे संमती नव्हे. देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ताब्यात असलेल्या स्त्रीने "माझी संमती नव्हती" असं सांगितलं, तर न्यायालयाने तसंच धरून चालायचं, ही तरतूद तेव्हा आली.

तो गुन्हा फार मोठा आणि भयंकर होता. माझ्या वर्गातल्या दोनशे रुपयांशी त्याची तुलना करायची नाही, होऊही शकत नाही. पण एक धागा मला दिसला तो सांगते. बंद दार, समोर सत्ता असलेला मोठा माणूस आणि लहान जीव. अशा ठिकाणचं गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे, आणि अशा ठिकाणचा होकार म्हणजे सत्य नव्हे. हे कायद्याला कळायला १९८३ उजाडलं. मला डिसेंबर २०२४ उजाडला.

त्याच १९८३ सालातली दुसरी गोष्ट मुंबईची. पत्रकार शीला बारसे यांनी मे १९८२ मध्ये मुंबई मध्यवर्ती कारागृहातल्या पंधरा स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या पाच जणींनी सांगितलं, पोलीस कोठडीत आम्हाला मारहाण झाली. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं आणि १५ फेब्रुवारी १९८३ रोजी निकाल दिला. स्त्रियांसाठी वेगळी कोठडी आणि तिथे स्त्री पोलिसांचा पहारा, स्त्रीची चौकशी स्त्री पोलिसासमोरच, अटक झालेल्याला अटकेचं कारण आणि जामिनाचा हक्क सांगणं, नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणं, विधी सहाय्य समितीला कळवणं. पुढे १८ डिसेंबर १९९६ च्या डी. के. बसू निकालात देशभरासाठी अकरा सूचना आल्या. त्याही एका पत्रातूनच. तेव्हा "पत्रलेखन" शिकवताना फक्त सुट्टीच्या अर्जावर थांबू नका, एवढंच म्हणेन!

हे आपल्या गावाशी कुठे जोडलेलं आहे?

द्वारकेवरून पंचवटीत जायला रिक्षाने फार वेळ लागत नाही. तिथल्या काळाराम मंदिरासमोर २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. आपल्याच जिल्ह्यातले दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते. सत्याग्रहींना अटका झाल्या. म्हणजे पोलिसांच्या ताब्यात जाणं काय असतं, हे आपल्या गावातल्या साध्या माणसांनी हक्कासाठी अनुभवलेलं आहे.

त्यानंतर एकोणीस वर्षांनी, १५ सप्टेंबर १९४९ रोजी, बाबासाहेबांनी संविधान सभेत एक नवीन कलम मांडलं. मसुद्यात त्याचा क्रमांक १५-अ होता. तेच आजचं अनुच्छेद २२. अटक झालेल्या माणसाला कारण सांगा, वकिलाशी बोलू द्या, चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करा. चौथीच्या मुलालाही कळेल इतकं सोपं. सहलीला आपण काळाराम मंदिर दाखवतो. तिथेच उभं राहून अनुच्छेद २२ सांगायला काय हरकत आहे?

आता कामाचं. एवढं लक्षात ठेवा

नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आहे. कलमांचे आकडे बदलले, पण खालचे हक्क कायम आहेत. मी हे आमच्या पालकसभेत फळ्यावर लिहिलं, तसंच इथे देते.

१. अटकेचं कारण सांगणं बंधनकारक आहे (अनुच्छेद २२, संहितेचं कलम ४७). अटकेची माहिती तुम्ही सांगाल त्या नातेवाइकाला किंवा मित्राला द्यावी लागते (कलम ४८).

२. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावंच लागतं (कलम ५८). प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचे नियम मात्र वेगळे आहेत.

३. चौकशी चालू असताना आपल्या वकिलाला भेटता येतं, पूर्ण वेळ जवळ बसवता येत नाही (कलम ३८).

४. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती आरोपीवर करता येत नाही (अनुच्छेद २०, खंड ३). पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही (साक्ष्य अधिनियम, कलम २३). त्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली तर तेवढ्या भागाचा नियम वेगळा आहे.

५. पंधरा वर्षांखालील मुलगा, साठ वर्षांवरील पुरुष, कोणतीही स्त्री, दिव्यांग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना साक्षीदार म्हणून जबाबासाठी ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी घरी यायचं (कलम १७९). स्वतःहून जायचं असेल तर जाता येतं.

६. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अगदी अपवाद असेल तर स्त्री अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी घेतलेली परवानगी लागते (कलम ४३).

७. दखलपात्र गुन्ह्याची तक्रार नोंदवणं पोलिसांचं कर्तव्य आहे, हद्द कुठलीही असो. एफआयआरची प्रत मोफत मिळते. नोंदवली नाही तर वरिष्ठांकडे लेखी द्या, तरी नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं (कलम १७३).

अठरा वर्षांखालील मुलांसाठी

बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. बेड्या घालता येत नाहीत. पालकांना लगेच कळवावं लागतं. प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, मूल त्याच्याकडे सोपवायचं. त्याने शक्यतो साध्या कपड्यात मुलाशी बोलायचं. मूल ताब्यात घेतलं असेल तर चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यायचं.

म्हणून मुलाच्या जन्मतारखेचा पुरावा घरात हाताशी ठेवा. त्या संध्याकाळी आमच्याकडचा सगळ्यात मोठा आधार म्हणजे जनरल रजिस्टरचा तो उतारा होता. आपण किती कंटाळत भरतो ते रजिस्टर!

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून घाबरू नका. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, हेल्पलाइन १५१००. मुलांसाठी १०९८. तातडीसाठी ११२.

आणि आपलीही काही कर्तव्यं आहेत. नाव-पत्ता विचारला तर खरा सांगा, टाळाटाळ केली तर त्यावरूनही अटक होऊ शकते. पळू नका. अंगावर जाऊ नका. शिवीगाळ नको. न वाचता सही नको. हक्क माहीत असणारा माणूस ओरडत नाही, तो शांतपणे विचारतो. आमचं काम झालं ते माझ्या विद्वत्तेमुळे नाही. तीन वाक्यं नम्रपणे बोलली गेली, आणि समोरच्या अधिकाऱ्यांनी त्यांचं काम नीट केलं, म्हणून झालं.

वर्गातला उपक्रम

महाराष्ट्र पोलिसांचा स्थापना दिवस २ जानेवारीला असतो. त्या आठवड्यात आपण मुलांना ठाणं दाखवायला नेतो. वायरलेस बघतात, बंदूक बघतात, फोटो काढतात. यंदा मी मुलांकडून आधी प्रश्न लिहून घेतले. "मी हरवलो तर तुम्हाला काय सांगू?" "मुलांशी बोलणारे पोलीस कोण?" "मी घाबरलो तर आईला बोलवाल का?" तिथल्या महिला हवालदार ताईंनी एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं. एका मुलीने विचारलं, "जेवलो नाही तर पोलीस पकडून नेतात का?" ताई हसल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या आईला सांग, आमच्या नावाने भीती घालू नका. उद्या तू हरवलीस तर माझ्याकडे यायच्याऐवजी पळून जाशील." पालकहो, हे तुमच्यासाठी आणि माझ्यासाठीही.

वर्गात नाट्यीकरण घेते. एक मूल पोलीस, एक मूल चौकशीसाठी बोलावलेलं. चार वाक्यांचा सराव: "माझं नाव अमुक. माझं वय अमुक. माझ्या आई-बाबांना बोलवा. ते आल्यावर मी बोलेन." चारच वाक्यं, पण आवाज न कापता म्हणायला मुलांना आठवडा लागला. पोलीस झालेल्या मुलालाही वाक्यं दिली आहेत: "घाबरू नकोस. पाणी हवं का? आईचा नंबर सांग." ती वाक्यं मुलं जास्त आवडीने म्हणतात.

आणि एक नियम माझ्यासाठी. वर्गात काही हरवलं तर दार लावायचं नाही. दप्तरं तपासायची नाहीत. "कबूल करा" म्हणायचं नाही. आधी माझं स्वतःचं टेबल, माझी पर्स आणि हजेरीपत्रकाचा पुठ्ठा तपासायचा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्ही द्यायला बंदी केलेली आहे. म्हणजे पोलिसांना जसा कायदा आहे तसा आपल्यालाही आहे, आणि तो माझ्याकडून मोडला गेला होता.

शेवटचं. त्या मुलाची धाकटी बहीण आता माझ्या वर्गात आहे. जानेवारीत एक दिवस परिपाठ झाल्यावर मी दोनशे रुपयांची सगळी हकिकत वर्गाला सांगितली. नाव न घेता. पैसे मीच ठेवले होते आणि मी विसरले होते, हेही सांगितलं. मुलं शांत होती. एकाने विचारलं, "मॅडम, मग तुम्ही त्याला सॉरी म्हणालात का?"

त्याच संध्याकाळी गेले. तो दारात सायकलचं पंक्चर काढत बसला होता. मी जे बोलायचं ते बोलले. त्याने ऐकून घेतलं, "हो मॅडम" म्हणाला आणि ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत राहिला. माझ्याकडे बघितलं नाही. मला अजून सांगता येत नाही, की तो "हो" खरा होता, की समोर मोठं माणूस उभं होतं म्हणून आलेला होता.

मित्रांनो, उद्या तुमच्या वर्गात कुणाचं पेन हरवेल. तेव्हा तुम्ही काय कराल, याचा आजच विचार करून ठेवा.